घराच्या भिंतीसाठी चित्र : जामिनी रॉय यांची कला आणि भूमिका

विसाव्या शतकातील भारतीय चित्रकारांमध्ये जामिनी रॉय यांचे नाव निघते ते बहुधा त्यांच्या शैलीमुळे. मासोळीसारखे लांब डोळे, जाड व वळणदार काळी रेषा, सपाट लावलेले मोजके रंग आणि पार्श्वभूमीचा जवळजवळ अभाव ही तिची लक्षणे इतकी परिचयाची झाली आहेत की, साडीच्या पदरावर किंवा शुभेच्छापत्रावर ती दिसली तर चित्रकाराचे नाव ठाऊक नसलेली व्यक्तीही त्यांना ओळखते. ही शैली ज्या विचारातून घडली तो विचार मात्र तेवढा परिचयाचा नाही. चित्राची खरी जागा प्रदर्शनाचे दालन नसून माणसांचे राहते घर आहे, अशी रॉय यांची धारणा होती. चित्र कशावर काढायचे, कोणत्या रंगांनी काढायचे, किती वेळा काढायचे, कोणाला मदतीला घ्यायचे आणि काय किमतीला विकायचे, हे सगळे व्यवहार त्यांनी या धारणेनुसार बदलून टाकले. त्यामुळे त्यांच्या शैलीचा विचार या व्यवहारांपासून वेगळा काढून करता येत नाही.

जामिनी रॉय यांचा जन्म 11 एप्रिल 1887 रोजी पश्चिम बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातील बेलियातोड या गावी, जमीनजुमला असलेल्या मध्यम स्थितीतील कुटुंबात झाला. त्यांचे वडील रामतरण रॉय यांनी सरकारी नोकरी सोडून गावात राहणे पत्करले होते. कलकत्त्याच्या सुपीक, हिरव्या परिसराहून हा प्रदेश वेगळा आहे. येथील माती तांबडी असून पाऊस बेताचा पडतो. जवळच विष्णुपूर येथे मल्ल राजांनी सतराव्या-अठराव्या शतकांत बांधलेली मंदिरे आहेत. दगडाच्या टंचाईमुळे विटांच्या बांधलेल्या या मंदिरांच्या भिंती भाजलेल्या मातीच्या कोरीव फरशांनी मढवलेल्या आहेत. कुंभारांनी घडवलेले मातीचे घोडे, लाकडी बाहुल्या, गावोगाव हिंडणारे पटुआ आणि शेजारच्या वस्त्यांतील संथाळ आदिवासी हे सारे रॉय यांच्या बालपणीच्या सभोवतालात होते. पुढे त्यांच्या चित्रांत जे अवतरले ते त्यांनी पुस्तकांतून मिळवले नव्हते. मात्र त्याचे मोल कळण्यासाठी त्यांना बरीच वर्षे शहरात घालवावी लागली.

वयाच्या सोळाव्या वर्षी, 1903 मध्ये, ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले. तेथील शिक्षण युरोपीय अकादमीच्या पद्धतीचे होते. प्लास्टरच्या मूर्ती आणि जिवंत मॉडेल समोर ठेवून रेखाटन करणे, छायाप्रकाशाने आकाराला गोलाई देणे, यथार्थदर्शनाने, म्हणजे जवळचे मोठे व दूरचे लहान दाखवून, सपाट कागदावर खोलीचा भास निर्माण करणे आणि तैलरंगांवर हुकमत मिळवणे असा तो अभ्यासक्रम होता. याच संस्थेत उपप्राचार्य असलेले अवनींद्रनाथ ठाकूर या पद्धतीला पर्याय म्हणून मुघल लघुचित्रे, अजिंठा आणि जपानी जलरंगपद्धती यांच्या मिश्रणातून नवी ‘भारतीय’ चित्रकला घडवू पाहत होते. रॉय यांनी 1908 मध्ये पदविका मिळवली, आणि पुढची काही वर्षे ते श्रीमंत घरांसाठी तैलरंगात व्यक्तिचित्रे करून देणारे, मागणी असलेले चित्रकार म्हणून स्थिरावले. हा धंदा चांगला चालत होता. म्हणूनच 1920च्या सुमारास त्यांनी तो हळूहळू आवरता घेण्याचे ठरवले, ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. आधी त्यांनी संथाळ स्त्रियांची चित्रे काढताना छायाप्रकाश कमी केला, मग आकार सोपे केले, आणि पुढे एका सलग रेषेत आकृती बसवण्याचा अभ्यास आरंभला. ही रेषा त्यांना कालीघाटच्या पटांत सापडली. कलकत्त्याच्या काली मंदिराभोवती एकोणिसाव्या शतकात पटुआंनी दुकाने थाटली होती. पट म्हणजे चित्र आणि ते काढणारी जात ती पटुआ. कापडाच्या किंवा कागदाच्या लांब गुंडाळीवर कथा रंगवून, ती उलगडत आणि गात दारोदार फिरणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या व्यवसायाची कल्पना सहज येईल, मात्र पिंगुळीची चित्रे सुटी असतात आणि बंगालमधील गुंडाळी सलग असते. मंदिराजवळ यात्रेकरूंची गर्दी वाढली तेव्हा गुंडाळीऐवजी गिरणीच्या स्वस्त कागदावर एकेकटे देवाचे चित्र झपाट्याने रंगवून पैसा-दोन पैशांना विकणे पटुआंना सोयीचे वाटले. घाईमुळे तपशील गळाले आणि रेषा अधिक धीट झाली. यात्रेकरू ते चित्र घरी नेऊन भिंतीवर लावत, आणि फाटले किंवा विटले की पुढच्या वारीला नवे आणत.

हा व्यवसाय विसाव्या शतकाच्या आरंभी संपुष्टात आला, तो छापील चित्रांमुळे. जर्मनीहून येणारी रंगीत चित्रे, कलकत्त्याच्या शिळाप्रेसांची चित्रे आणि राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवलेल्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे यांच्यापुढे हाताने रंगवलेला पट टिकू शकला नाही. ही छपाई ओलिओग्राफ या पद्धतीची होती. तिच्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून, एकावर एक ठसे घेऊन तैलचित्रासारखी झळाळी आणली जात असे. महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या देवघरांत आणि ओटीवर तसबिरींच्या रूपाने जी चित्रे पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती याच उद्योगाची. घराघरांत चित्र पोचवण्याचा प्रश्न रविवर्मा यांनी यंत्राच्या साहाय्याने सोडवला होता, असे म्हणता येईल. रॉय यांना हे उत्तर मान्य होण्यासारखे नव्हते, कारण यंत्राने चित्र स्वस्त झाले तरी ते काढणारा हात घरापासून आणखी दूर गेला होता, आणि त्या चित्रातील छायाप्रकाश व गोलाई तर त्यांनी स्वतः नुकतीच मागे टाकली होती.

कालीघाटच्या पटांवरही ते फार काळ थांबले नाहीत. शहरातील गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार तेथील पटुआ बाबू मंडळींची थट्टा आणि गाजलेले खटले रंगवू लागले होते. खेड्यातील श्रद्धेशी असलेले त्यांचे नाते तुटले होते, असा रॉय यांचा आक्षेप होता. त्यामुळे ते पुन्हा बांकुड्याकडे वळले, गावच्या पटुआंचे काम त्यांनी पाहिले, त्यांचे पट जमवले. हा आक्षेप थोडा अन्यायकारक आहे, कारण कालीघाटच्या उपरोधिक चित्रांतील जिवंतपणा रॉय यांच्या संयमित आकृत्यांत क्वचितच सापडतो. परंतु त्यांचा शोध विषयांचा नव्हता. कलाकार आणि त्याची चित्रे घरात ठेवणारी माणसे एकाच कथाविश्वात राहतात तेव्हा चित्राला आपोआप बळ येते, अशी त्यांची उपपत्ती होती. गावचा पटुआ राम काढतो तेव्हा तो राम कोण हे कोणाला सांगावे लागत नाही. आधुनिक युरोपीय चित्रकाराने हे समाईक कथाविश्व गमावले आहे, म्हणून त्याला दरवेळी स्वतःपासून सुरुवात करावी लागते, असे त्यांना वाटे. 1944 मध्ये बंगाली कवी विष्णू दे आणि इंग्रज कलाभ्यासक जॉन अर्विन यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तिकेत ही मांडणी विस्ताराने आली आहे.

बंगालच्या घरांत चित्रकला आधीपासूनच नांदत होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते. तांदळाच्या पिठाच्या पातळ पेस्टने बोटांनी जमिनीवर काढायची आलपना, कोजागरीला पुजायची लक्ष्मीची आकृती रंगवलेले मातीचे गोल झाकण म्हणजे सरा, जुन्या साड्यांचे थर शिवून त्यांवर दोऱ्याने चित्रे काढलेली कांथा आणि मुलांसाठी केलेल्या मातीच्या बाहुल्या या सर्व वस्तू वापरण्यासाठी असत, आणि त्यांपैकी बऱ्याच स्त्रियांच्या हातच्या असत. त्या पाहण्यासाठी कोणी मुद्दाम वेळ काढत नसे. सकाळी काढलेली आलपना संध्याकाळी पायाखाली पुसली गेली तरी कोणाला त्याची खंत वाटत नसे, कारण पुढच्या व्रताला ती पुन्हा काढली जाणारच होती. रॉय यांनी या घरगुती कलेकडून रेषेपेक्षाही मोठी गोष्ट घेतली. चित्र पुन:पुन्हा काढण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी तिथे पाहिले.

साधनांतील बदल याच दिशेने झाला. विलायती तैलरंग आणि ताणलेला कॅनव्हास त्यांनी सोडला. घरी विणलेले कापड, चुन्याचा हात दिलेली फळी, कधी ताडपत्र तर कधी माती-शेणाने लिंपलेली चटई हा त्यांचा पृष्ठभाग झाला. रंग साधारण सातच असत आणि ते बाजारहाटात किंवा परसदारी मिळणाऱ्या वस्तूंपासून तयार होत. तांबड्यासाठी गेरूची माती, केशरी लालसाठी हिंगूळ, निळ्यासाठी नीळ, पांढऱ्यासाठी खडू आणि रेषेसाठी दिव्याची काजळी वापरली जाई, आणि हे रंग पृष्ठभागाला धरून राहावेत म्हणून त्यांत चिंचोक्यांची खळ मिसळली जाई. अशा रंगांना तैलरंगाची चकाकी येत नाही, एका रंगातून दुसऱ्या रंगात अलगद शिरण्याची सोयही त्यांत नसते. त्यामुळे प्रत्येक रंग आपापल्या जागी सपाट बसतो आणि आकृती वेगळी करण्याचे सारे काम रेषेवर येते. अनेकांना जी शैली केवळ आवडीनिवडीची बाब वाटते तिच्यामागे साधनांची ही सक्ती आहे. याचा आणखी एक परिणाम असा की, ही चित्रे मंद प्रकाशाच्या साध्या खोलीतही लांबून वाचता येतात, तर तैलचित्राला योग्य कोनातून येणारा उजेड लागतो.

चित्र कोठे आणि कसे पाहावे याविषयीचा त्यांचा आग्रह 1931 मध्ये भरलेल्या एका प्रदर्शनातून स्पष्ट झाला. कलकत्त्याच्या बागबाजार भागातील त्यांच्या राहत्या घरीच हे प्रदर्शन मांडले होते, आणि त्याचे उद्घाटन त्या काळी कलकत्ता विद्यापीठात शिकवणाऱ्या कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी केले. खोलीत आलपना घातलेली होती, छोटे दिवे आणि धूप लावलेला होता, आणि बसण्यासाठी खुर्च्यांऐवजी बुटकी आसने ठेवली होती. चित्रांभोवती बंगाली घर उभे करण्याचा हा प्रयत्न होता. त्यात थोडा नाटकीपणा नव्हता असे म्हणता येणार नाही, कारण शहरातील सुशिक्षित पाहुण्यांसाठी रचलेले खेडे हे खेडे राहत नाही. तरीही चौकटबंद चित्र कोऱ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला टांगून, समोर उभे राहून पाहण्याची युरोपीय रीत हीच एकमेव रीत नव्हे, हे भारतीय चित्रकाराने इतक्या ठोसपणे दाखवण्याचे उदाहरण त्याआधी फारसे नाही.

यापुढचे पाऊल अधिक वादग्रस्त ठरले. रॉय यांनी आपल्या घराचीच कार्यशाळा केली. त्यांचा मुलगा अमिय आणि घरातील इतर मंडळी कामात सहभागी होत. मूळ आराखडा रॉय यांचा असे, त्यावरून छाप काढला जाई, रंग भरण्याचे काम वाटून घेतले जाई आणि शेवटची रेषा व खाली बंगाली लिपीतील सही असा क्रम चाले. दुसऱ्याच्या हाताने बव्हंशी पूर्ण झालेल्या चित्रावरही स्वतःचे नाव घालण्यात त्यांना गैर वाटत नसे. कृष्ण-बलराम, गोपी, तीन पुजारिणी, मूल कडेवर घेतलेली आई, तोंडात कोळंबी धरलेले मांजर हे विषय किती वेळा रंगवले गेले याची मोजदाद करणे अवघड आहे. मागणी येईल तसे चित्र पुन्हा होई, आणि किमती मध्यमवर्गीय पगारदाराला परवडतील अशा ठेवल्या जात. एकमेवता, एकाच प्रतिभावंताचा हात आणि दुर्मिळतेमुळे वाढणारी किंमत या गोष्टींवर युरोपीय कलाबाजार उभा आहे, आणि रॉय यांनी त्या साऱ्या जाणीवपूर्वक नाकारल्या. कुंभाराच्या दहाव्या मडक्याला कोणी नक्कल म्हणत नाही, हीच कसोटी त्यांनी चित्राला लावली.

या कार्यपद्धतीचे सर्वांत रसाळ उदाहरण चित्रसंग्रहालयाबाहेरचे आहे. कलकत्त्यातील प्रसिद्ध मिठाईवाले के. सी. दास यांच्या घराण्यातील शारदाचरण दास यांनी 1940च्या दशकात रॉय यांच्याकडून सतरा चित्रांत संपूर्ण रामायण रंगवून घेतले. डबाबंद रसगुल्ला देशभर पोचवणाऱ्या या कुटुंबाच्या राहत्या वास्तूसाठी ते काम झाले, आणि आकार व आवाका पाहता ते रॉय यांच्या सर्वांत महत्त्वाकांक्षी कामांपैकी एक आहे. पटुआच्या गुंडाळीतील कथा येथे एकेका चौकटीत विभागलेली दिसते. चित्रकार, कथा, व्यापारी कुटुंब आणि घराची भिंत यांचे जे नाते त्यांच्या मनात होते ते या एका ठिकाणी तरी पुरेपूर जमले.

इतरत्र ते तितके जमले नाही. 1934 मध्ये अखिल भारतीय प्रदर्शनात व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाल्यानंतर आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात मुक्कामाला असलेले ब्रिटिश व अमेरिकन सैनिक आणि अधिकारी यांची रीघ लागल्यानंतर त्यांची चित्रे दूरदूर गेली. 1946 मध्ये लंडनला त्यांचे प्रदर्शन भरले तेव्हा कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी त्याचे उद्घाटन केले, आणि 1953 मध्ये न्यूयॉर्कलाही प्रदर्शन झाले. रॉय स्वतः कधीच परदेशी गेले नाहीत. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे कलकत्त्याचा प्राध्यापक, वकील, कवी, डॉक्टर आणि परदेशी पाहुणा. ज्या शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या कलेवरून ही चित्रे स्फुरली त्यांच्या भिंतीवर ती गेल्याचे दिसत नाही, तेथे छापील दिनदर्शिकाच राहिली. म्हणजे रॉय यांनी चित्र घरात नेले खरे, पण ते सुशिक्षित शहरी घरात. ही मर्यादा मान्य करूनही त्यांच्या यशाचे मोल कमी होत नाही, कारण त्याआधी अशा घरांत हाताने काढलेले मूळ चित्र असण्याची कल्पनाच नव्हती. तिथे असे ते आजोबांचे छायाचित्र किंवा स्वित्झर्लंडच्या सरोवराचे छापील दृश्य.

त्यांनी काढलेली येशूची चित्रे बरेचदा कुतूहलाचा विषय होतात. स्वतः ख्रिस्ती नसताना त्यांनी हा विषय वारंवार घेतला. यामागे भक्तीपेक्षा परीक्षेचा हेतू होता. जी कथा आपल्या घरची नाही ती आपल्या रेषेत मावते का, हे त्यांना पाहायचे होते. शिष्यांसह अखेरचे भोजन करणारा त्यांचा येशू कृष्णाच्या गोपाळांसारखेच लांब डोळे घेऊन समोर पाहतो. येथे त्यांच्याच उपपत्तीला तडा जातो, कारण समाईक श्रद्धेशिवाय चित्राला बळ येत नाही असे म्हणणाऱ्या चित्रकाराची ही चित्रे त्याच्या उत्तम कामांत मोडतात.

समीक्षकांचा मोठा आक्षेप पुनरावृत्तीविषयी राहिला. रॉय सजावटीकडे झुकले, एकदा सापडलेले सूत्र त्यांनी गिरवले, असे म्हटले गेले. 1950 नंतरच्या बऱ्याच चित्रांबाबत हे खरे आहे. तेथील रेषा सफाईदार असते, पण 1930च्या दशकातील आई-मुलाच्या किंवा संथाळ स्त्रीच्या चित्रांत हात कोठे वळेल याची जी उत्कंठा जाणवते ती तिच्यात उरलेली नसते. मात्र या आक्षेपाने रॉय यांना नामोहरम करता येत नाही, कारण प्रत्येक चित्र नवे असले पाहिजे हा नियमच त्यांनी स्वीकारलेला नव्हता. त्यांचे काम तोलायचे तर दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. चित्रकार म्हणून त्यांचा उत्कर्ष वीस-पंचवीस वर्षांचा होता; घरासाठी चित्र करणारे कारागीर म्हणून मात्र ते अखेरपर्यंत आपल्या शब्दाला जागले.

सरकारी मानसन्मान उशिरा पण भरपूर आले. 1954 मध्ये पद्मभूषण आणि पुढच्याच वर्षी ललित कला अकादमीचे सदस्यत्व, म्हणजे तिचा सर्वोच्च मान, त्यांना मिळाला. बालिगंज भागात बांधलेल्या घरात काम करत 24 एप्रिल 1972 रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी संसदेने पुरातन वस्तू व कलासंपदा यांविषयीचा कायदा केला, आणि त्याच्या आधारे ज्या नऊ चित्रकारांच्या कृती राष्ट्रीय कलासंपदा ठरून देशाबाहेर विकण्यास बंदी आली त्यांत रॉय यांचा समावेश झाला. रविवर्माही याच यादीत आहेत.

या सन्मानाने रॉय यांच्या भूमिकेची विलक्षण कोंडी झाली. ज्याने एकमेवता नाकारली त्याच्या प्रत्येक चित्राला आता एकमेव वस्तूसारखे प्रमाणपत्र लागते. सही त्यांची, रेषा त्यांची, रंग मुलाचा किंवा मदतनिसाचा, अशा चित्राला ‘अस्सल’ म्हणावे की नाही यावर लिलावगृहे आणि जाणकार यांच्यात एकमत होत नाही, आणि या संदिग्धतेचा फायदा घेऊन निव्वळ बनावट चित्रेही बाजारात येत राहतात. साधे आकार, मोजके रंग आणि पुन:पुन्हा येणारे विषय यांमुळे त्यांची नक्कल करणे सोपे आहे. दुसरीकडे, परवडणाऱ्या किमतीसाठी केलेली चित्रे आता लाखो रुपयांना विकली जातात, आणि पगारदार माणसाच्या आवाक्यातून ती कायमची निसटली आहेत.

बालिगंजचे ते घर 2023 मध्ये दिल्ली आर्ट गॅलरी या खाजगी संस्थेने घेतले असून तेथे रॉय यांच्या कामाचे संग्रहालय करण्याची योजना तिने जाहीर केली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. तो पाहताना वाचकांनी चित्रापासून थोडे दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून पाहावे. बसल्या जागेवरून, घरातली कामे करता करता पाहण्यासाठी ही चित्रे काढलेली आहेत, आणि त्या अंतरावरूनच त्यांची रेषा पूर्ण वाचता येते.